धक्क्याचा चहा

बाबाची पाठ गेली तेव्हा डॉक्टर म्हणे, टॅक्टरवर बसणं बंद. ताई पुण्याले राहते, ती आई-बाबा दोघायले घेऊन गेली. घरी मी एकटा. मोताळ्याहून थोडं आत आमचं गाव, चार एकर वावर, अन् एक टॅक्टर, माह्यापेक्षा वयानं मोठा. जातानी बाबा म्हणे, "हरभरा पेरेपर्यंत पाहू. जमलं तं ठीक, नाही तं वावर बटईनं देऊन टाकू अन् तू बी ये इकडंच." म्हणजे पेरीन दुसरा, अर्ध पीक आपल्याले. मले जायचं नव्हतं. माह्यासोबतचे सगळे तिकडं कंपनीत गेले, अन् ग्रुपवर रोज एकच लिहितात, झोप झाली नाही.

तर सोयाबीन निघालं अन् घरात बोलाले कोणी नाही, म्हणून मी टॅक्टर रंगवला. खरंच, कारण एवढंच होतं. दसरा आठ दिवसांवर होता. निळा डबा आणला अन् सुरू झालो. पत्रा, सांगाडा, बॅटरीची पेटी काढून तिच्या खालची जागा, सगळीकडं दोन-दोन हात. बोट लावाले जागा ठेवली नाही. दसऱ्याले झेंडूचा हार घातला, फोटो ग्रुपवर टाकला. चौघायनं अंगठा टाकला. एकानं लिहिलं, नवरदेव कोण हाये बे, तू का टॅक्टर?

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. टक.

बस, एवढंच. लाईट लागे, हॉर्न वाजे, पण सेल्फ मारला का लाईट विझे अन् खालून टक. इंजन फिरायचं नावच नाही. बाबाले व्हिडिओ कॉल लावला. बाबा पलंगावर आडवा, फोन छातीवर, मले नुसती हनुवटी दिसे.

"टर्मिनलवर पांढरं आलं काय?"

"हाव, थोडं हाये."

"गरम पाणी टाक, घास, घट्ट कर."

टाकलं, घासलं, घट्ट केलं. टक. मग बॅटरी खोलली, मोटरसायकलच्या मागं दोरीनं बांधली अन् मोताळ्याले नेली. बॅटरीवाल्यानं दिवसभर चार्जिंगले ठेवली, मीटर लावून पायलं अन् म्हणे, "बॅटरी पहिलवान हाये बे. बाकीचं तुह्या घरचं पाहा." घरी आणून बसवली. टक.

मग राह्यला धक्का. आता टॅक्टरले धक्का म्हणजे मोटरसायकल नाही, एकट्याचं काम नाही. चार जण तरी पाहिजेत अन् थोडा उतार पाहिजे. शेजारच्या वावरातले काका, त्यायचे दोन गडी, अन् रस्त्यानं जाणाऱ्या कोणाले तरी हाक मारायची. मी वर, गिअर टाकून क्लच दाबलेला. काका ओरडत, "सोड", मी सोडे, धाडधाड करून चालू. चालू झाला का बंद करायचा नाही, दिवसभर नाही, जेवतानीही नाही. अन् धक्का मारला का चहा, हे पहिल्याच दिवशी काकानं ठरवून टाकलं. बांधावर तीन दगडांची चूल, चालू टॅक्टरची फडफड, म्हणून सगळे ओरडून बोलत.

"साखर कमी हाये बे."

"काय?"

"साखर, साखर. लगन कर म्हणतो मी, साखर बरोबर पडत जाईन."

"पोरगी कुठी हाये काका?"

"टॅक्टर चालू होत नाही त्याले कोण पोरगी देईन? पहिले सेल्फ कर."

सगळे हसत, मी बी. आठ दिवस असंच चाललं, रान तयार झालं. पण बाबा काही मानाले तयार नाही. "धक्क्यावर पेरणी होत नसते. वावराच्या मधात बंद पडला तं तिथं धक्का माराले कोण येईन? ओल उडून राह्यली. शुक्रवारपर्यंत सेल्फ झाला नाही, तं मी बटईवाल्याले हो म्हणून टाकतो." मी म्हटलं करतो. कसं करतो ते माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन टॅक्टरचे व्हिडिओ पाहत बसे, भाकर एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात. दिवसभर ओरडून बोललेलं, अन् घरात एकदम काहीच नाही. फ्रिजचा आवाज तेवढा येई.

गुरुवारी पेरणीयंत्राचा एक दात निघाला. चालू टॅक्टरले यंत्र जोडून फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्या चाचाकडं गेलो. चाचानं दात जागेवर बसवून पायला, अन् वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा लावायच्या आधी छन्नी घेऊन यंत्राचा रंग खरवडाले लागले. मी म्हटलं, "चाचा, रंग काऊन खरवडता? नवा हाये, टॅक्टरसोबत मीच मारला."

"रंग के उप्पर करंट जाता क्या? अर्थिंगले लोखंड लागते. लोखंडाले लोखंड भिडलं पायजे, तवा ठिणगी पडते."

मी तिथंच उभा. बॅटरीची एक जाड वायर सांगाड्याले बोल्टनं बसते, तीच तिची अर्थिंग. अन् ती वायर मी स्वतः काढली होती, खालची जागा निळी केली होती, अन् वाळल्यावर वरून कसून बसवली होती. लाईटले करंट कमी लागते म्हणून ती लागे. सेल्फले लय लागते, ते पेंटातून येईन कुठून?

चाचाले सांगतलं तं चाचा दहा मिनिटं हसले. "टॅक्टरले कपडे घातले बेटा तूनं, आता उतरव." जुन्या कानशीचा तुकडा दिला.

शुक्रवारी उजाडल्या उजाडल्या वावरात. बोल्ट खोलला, रंग खरवडला, चकचकीत लोखंड निघेपर्यंत. वायरीचं तोंडही घासलं. बसवलं, कसलं, चावी फिरवली. अन् फिरला, एका दमात. मी एकटाच काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. बाबाले फोन लावून सायलेन्सरजवळ धरला.

"बंद करून परत मार," बाबा म्हणे.

मारला. तीन खेपा मारायले लावला. मग "बरं," म्हणे, "बटईवाल्याले मी नाही म्हणून सांगतो. राहा तिथं. पेर."

म्हणजे झालं, पाहिजे होतं तेच झालं. तेवढ्यात काका बांधावरून आले, रोजच्यासारखे, पायजमा वर खोचलेला, मागं दोघं गडी. "चल बे, बस वर."

"काका, धक्का नाही लागत आता. सेल्फ झाला."

"झाला काय? दाखव."

दाखवला. काकानं ऐकलं, मान डोलावली. "चांगलं झालं बापा. माही कंबर सुटली." अन् वळले.

मी म्हटलं, "काका, चहा मांडतो ना, थांबा."

"चहा कायचा आता? धक्का तं मारला नाही," ते जाता जाताच म्हणे, अन् गडी हसले.

मी हरभरा पेरला. मागं यंत्राच्या बियाच्या नळ्या तुंबल्या तं नाही, हे पाहाले दर वळणावर उतरायचं अन् परत चढायचं. दीड दिवस लागला. शनिवारी सकाळी आठ वाजता काका पलीकडच्या बांधानं चालले होते, त्यायनं लांबूनच हात केला. मी बी केला, अन् चावी फिरवली. लगेच चालू झाला.