भंडाऱ्यातलं नाणं

मंडळी, आजची गोष्ट आजच सांगायचीय, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लिहितोय. कुणी पुसू नका!

बायझंटाईन आणि सुरुवातीच्या अरबी नाण्यांचं माझं वेड तुम्हांला ठाऊक आहे. प्रत्येक टांकसाळीचं एक तरी हवंच. दमास्कसचं काही मिळत नव्हतं. निरवांगीच्या कृष्णाकाकूंचे मालक गेल्या महायुद्धात शामला, म्हणजे सीरियात, होते, तिथून त्यांनी तांब्याचं नाणं आणलेलं. सकाळी तडक तिकडे गेलो.

नाणं देव्हाऱ्यात! त्यावरच्या बादशहाच्या हातात गोळा आहे. काकू म्हणाल्या, "भंडाऱ्याची वाटी हाय ती. खंडोबा हाय त्यो आमचा. न्हाय द्येनार."

मी हिरमुसलो. निदान मागची बाजू तरी दाखवा, म्हटलं. त्यांनी देव हळूच उलटा केला. झिजलेल्या अक्षरांत रोजचा भंडारा जाऊन बसला होता आणि नाव पिवळंधमक दिसत होतं: दमास्कस.

नाणं तिथंच राहिलं. काकूंनी कागदात चिमूटभर भंडारा बांधून दिला. घरी येऊन तो एका नाण्यावर चोळला, ज्याची टांकसाळ मला कधीच लागली नव्हती. अक्षरं उठायला लागली!

बारामतीकरांनो, इंदापूरकरांनो, तुमच्या देव्हाऱ्यातले देव एकदा उलटून दाखवाल का? मागणार नाही. नुसतं गावाचं नाव वाचेन.