गजभिये काकांचं लाल पेन

कुणाकडेही जेवायला गेलो की पानं वाढून होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "काय नितीन, तुझ्या चिनी वर्गात काय नवीन?" मी कधी काही लिहून ठेवलेलं नाही. पण चार वर्षं दर शनिवारी सकाळी दहा ते बारा एकाच टेबलाशी बसलं की किस्से साठतातच, घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे. कुठून आले ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत.

वर्ग म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावच्या लायब्ररीतलं मागच्या कोपऱ्यातलं एक गोल टेबल. इंग्रजी लेखनाच्या नाहीतर भाषांतराच्या परीक्षेला बसणाऱ्यांना तिथे फुकट मदत मिळते. येणारे बहुतेक चिनी. मदत करणारे आम्ही दोघे. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस. दुसरे गजभिये काका, नागपूरकडच्या एका शाळेचे इंग्रजीचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची मुलगी मनीषा इथे फार्मसिस्ट आहे, तिच्याकडे ते कायमचे राहायला आले. सामानात काय आणलं माहीत नाही, पण खिशातलं लाल पेन मात्र आणलं.

आपल्या लोकांचा एक ठाम समज असतो, की इंग्रजी ही आपलीच भाषा आहे आणि इंग्रज ती जाताना चुकून बरोबर घेऊन गेले. मीही त्याच रुबाबात पहिल्या दिवशी टेबलाशी गेलो. काकांनी मला कागद दिला आणि बाकीच्यांबरोबर निबंध लिहायला बसवलं. मला दहापैकी साडेचार मिळाले. शेजारच्या चिनी मुलाला पाच.

"नितीनभाऊ," काका म्हणाले, "शिकवायला आलात की शिकायला, तेवढं सांगा. म्हणजे खुर्ची कुठे ठेवायची ते कळेल."

* * *

तो पाच मार्कांवाला मुलगा म्हणजे केविन. हे नाव त्याला चीनमधल्या शाळेत बाईंनी फळ्यावरच्या यादीतून दिलं होतं. पुढे शाळा संपली की इथल्या कॉलेजात प्रवेशासाठी त्याला इंग्रजी लेखनाची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी त्याच्या आईने तिकडच्या एका क्लासकडून चाळीस तयार निबंध मागवले होते आणि त्याने ते सगळे पाठ केले होते. विषय कोणताही असो, पहिलं वाक्य एकच: 'समाजाच्या वेगवान विकासाबरोबर…'

'माझा शेजारी' या विषयावर समाजाचा वेगवान विकास. 'पाळीव प्राणी असावेत का?' वर समाजाचा वेगवान विकास. काका सहा आठवडे ते वाक्य लाल पेनाने कापत होते. सातव्या आठवड्यात त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "केविन, समज, तुझ्या शेजाऱ्याच्या घराला आग लागली. तू रस्त्यावर उभा राहून काय ओरडशील?"

केविनने मनापासून विचार केला. मग म्हणाला, "आगीच्या वेगवान विकासाबरोबर…"

* * *

त्याच क्लासने केविनला सांगितलं होतं, की दुसऱ्या परिच्छेदात घरातलं एक दुःखद उदाहरण टाकलं की तपासणारे पाघळतात. त्यामुळे केविनने आजोबांना मारलं. 'चिकाटी' या निबंधात ते पुरात गेले, 'तंत्रज्ञान' मध्ये वेळेवर फोन न लागल्यामुळे, आणि 'प्रवासाचे फायदे' मध्ये प्रवासात. मी मोजत होतो. नऊ निबंधांत नऊ वेळा गेले, आणि दर वेळी जाताना नातवाचा हात धरून एक उपदेश करून गेले.

एका शनिवारी वर्ग संपताना थर्मास घेतलेले एक ठणठणीत म्हातारे टेबलाशी येऊन उभे राहिले. केविन कानापर्यंत लाल झाला. महिनाभरासाठी आले आहेत, म्हणाला, माझे आजोबा.

गजभिये काका उठले. कोटाची बटणं लावली, दोन्ही हातांनी आजोबांचा हात धरला आणि म्हणाले, "भेटून फार आनंद झाला. तुमच्याबद्दल पुष्कळ वाचलं आहे."

* * *

आता वेन बाई. वय अठ्ठावन्न. चीनमध्ये तीस वर्षं हायस्कुलात केमिस्ट्री शिकवली, मग नातू सांभाळायला लेकीकडे आल्या. काका आले की त्या उठून उभ्या राहायच्या आणि ते बसल्याशिवाय बसायच्या नाहीत. त्यांना 'टीचर' म्हणायच्या. काकांच्या घरीदारी एवढा मान त्यांना कुणी देत नव्हतं, त्यामुळे ते शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

बाईंना वैद्यकीय भाषांतराची परीक्षा द्यायची होती. पास झाल्या तर इथलं एक हॉस्पिटल त्यांना चिनी पेशंटसाठी दुभाषी म्हणून घेणार होतं. दोनदा नापास झाल्या होत्या. जावई म्हणाला होता, तिसरी वेळ शेवटची. लेकीला दुसरं मूल होणार होतं, आणि निकालाची वाट न बघता त्याने पाळणा आणून सासूच्या खोलीत ठेवलासुद्धा होता. इतका विश्वास त्या बाईंच्या नापास होण्यावर दुसऱ्या कुणाचा नसेल.

याच बाईंनी मला एकदा गप्प केलं. केविनचं पाठांतर सुटावं म्हणून मी घरी बसून एक आदर्श निबंध लिहून आणला. 'स्वतःच्या मनाने कसं लिहावं' याचा नमुना म्हणून वाटला. घरी माझ्या मुलीने, सायलीने तो वाचून एवढंच म्हटलं होतं, "बाबा, हू टॉक्स लाइक धिस?" मी दुर्लक्ष केलं. तिला काय कळतंय!

वेन बाईंनी निबंध दोनदा वाचला. 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' पाशी बोट ठेवलं, मग 'विज्ञान शाप की वरदान' पाशी. मग अगदी आदराने विचारलं, "तुमचं पाठांतराचं पुस्तक कोणतं होतं? आमच्याकडेही हेच होतं."

* * *

इथे थोडं आपल्या लोकांबद्दल. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी केविनचे किस्से सांगितले की लोक पोट धरून हसतात. हसणाऱ्यांतले निम्मे ऑफिसच्या मेलमध्ये 'काइंडली डू द नीडफुल' लिहून घरी येतात. तेही कुठे तरी पाठच केलेलं आहे, पण ते आपलं पाठांतर!

अशाच एका पॉटलकला मी काकांना घेऊन गेलो. तिथल्या एका गृहस्थांशी काका अर्धा तास बोलत होते. गृहस्थ खूश. मग त्यांनी आडनाव विचारलं. काकांनी सांगितलं. गृहस्थ जरा थांबले, कोशिंबीर घेतली, आणि कौतुकाने म्हणाले, "अरे वा. पण मग तुमचं इंग्लिश इतकं चांगलं कसं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र शांतपणे पापड मोडत होते.

"मला उलट नवल वाटतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे चार पिढ्या शिकताहेत. मग तुमचं असं कसं राहिलं?"

* * *

वेन बाई नापास का व्हायच्या, ते मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. शब्दसंग्रह केविनच्या दुप्पट, अक्षर छापल्यासारखं. काकांना चिनी येत नाही, म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. काका इंग्रजी उतारा देणार, बाई त्याचं चिनी करणार, आणि मूळ उतारा न बघता केविन त्या चिनीचं परत इंग्रजी करून मोठ्याने वाचणार. मग काका दोन्ही ताडून बघायचे. त्यांचा नियम एकच होता: जास्त नाही, कमी नाही.

एका उताऱ्यात डॉक्टर पेशंटला लिहितात, की उपचारांचा उपयोग झाला नाही आणि आजार वाढला आहे. केविनने परत वाचलं ते असं: 'उपचारांना अजून थोडा वेळ द्यावा लागेल. जेवण नीट घ्या.'

"हे जेवण कुठून आलं?" काकांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, एवढं वाईट सांगायचं आणि जेवायचंही विचारायचं नाही, हे बरं दिसत नाही. आमच्याकडे असं कुणी पेशंटच्या तोंडावर सांगत नाही. घरच्यांना सांगतात, आणि घरचे त्याला कळू देत नाहीत.

"आमच्याकडेही नाही सांगत," काका म्हणाले. "माझी बायको तशीच गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की ॲसिडिटी आहे. तिला गावी जाऊन बहिणीला भेटायचं होतं. आम्ही म्हणत राहिलो, बरी झालीस की जा."

त्यांनी दहापैकी तीन दिले. बाईंनी मान खाली घातली. काका मऊपणाने म्हणाले, की मॅडम, तुम्ही माणूस म्हणून चांगल्या आहात, तेवढ्यासाठीच नापास होता.

मी ते ऐकून घरी आलो आणि जेवताना बायकोला सांगितलं, की हे चिनी लोक बघ, सरळ सांगायची हिंमतच नाही. मी तर असल्या पेपरात पैकीच्या पैकी घेईन. हे वाक्य लक्षात ठेवा.

* * *

पुढच्या महिन्यात मला मनीषाचा फोन आला. काकांच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट हॉस्पिटलच्या वेबसाइटवर आधी तिनेच पाहिला आणि तो चांगला नव्हता. तिने लगेच पासवर्ड बदलला, डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवडे पुढे ढकलली आणि काकांना सांगितलं, थोडं इन्फेक्शन आहे. रडत होती. "दादा, प्लीज, बाबांना कळू देऊ नका. ते खचतील." मी वचन दिलं.

अल्फारेटात गुपित ठेवायचं म्हणजे आधी ते सगळ्यांना सांगावं लागतं, नाहीतर चुकून कुणी बोलून जाईल. त्यामुळे आठवड्यात चाळीस घरांना काकांचा रिपोर्ट माहीत झाला, काका सोडून. लोक त्यांना बघून "काय काका, तब्येत झकास दिसतेय!" म्हणायला लागले. जे कधी वळूनही बघत नव्हते ते त्यांच्यासाठी लाडू घेऊन यायला लागले. तो कोशिंबीरवाला गृहस्थसुद्धा दारात येऊन त्यांच्या इंग्रजीची स्तुती करून गेला. एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाला संशय येईल, पण आम्हाला वाटत होतं की काकांना काही कळत नाही. मनीषाने कॉम्प्युटरचा बंदोबस्त केला होता, पण घराबाहेरच्या पत्रपेटीचा करायचा राहिला. दुपारी तीन वाजता जाऊन ती पेटी उघडणं हे अमेरिकेतल्या प्रत्येक निवृत्त बापाचं काम असतं.

* * *

वेन बाई तिसऱ्या वेळी पास झाल्या, हे आधीच सांगून टाकतो. पाळणा आता जावयाच्या खोलीत आहे. पण किस्सा परीक्षेच्या आदल्या शनिवारचा.

काका नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात आले. बाई उठून उभ्या राहिल्या. काकांनी बसा म्हटलं आणि एक कागद पुढे ठेवला, शेवटचा सराव म्हणून. हाताने उतरवलेलं, डॉक्टरांचं एका पेशंटला आलेलं पत्र. पेशंटच्या नावाची जागा कोरी होती.

बाईंनी ते वाचलं. एकदा काकांकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. लिहायला त्यांनी पाऊण तास घेतला. एका ओळीवर पेन बराच वेळ थांबलं होतं. मला वाटलं, आता येणार जेवण.

केविनने चिनी कागद हातात घेतला आणि इंग्रजीत वाचायला लागला. 'तुमचा आजार यकृतापर्यंत पसरला आहे. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. पुढे किती आणि कोणते उपचार घ्यायचे, हा निर्णय तुमचा आहे. तुमची भेट पुढे ढकलली गेली आहे असं दिसतं. कृपया लवकर या.'

एवढंच. जेवण नाही, धीर नाही, काही नाही. केविन नेहमी कुठे ना कुठे अडखळायचा, तो आज अडखळला नाही. काकांनी शब्दावर शब्द ठेवून ताडून पाहिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा कागदावर दहापैकी दहा लिहिले. वेन बाई रडत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि काका बसा म्हणाले तरी बसल्या नाहीत.

मग काकांनी मूळ इंग्रजी कागद उचलून माझ्यापुढे सरकवला.

"नितीनभाऊ, तुम्ही राहिलात. हेच मला मराठीत सांगा. जास्त नाही, कमी नाही."

मी कागदाकडे बघितलं. सगळे शब्द येत होते मला. यकृत येत होतं, पसरला येत होतं, निर्णय येत होता.

"काका," मी म्हणालो, "थोडं इन्फेक्शन आहे."

काकांनी खिशातून लाल पेन काढलं.