चेनवाल्या मावशींची वेबसाइट

भाजीचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बॅगा दुरुस्त करायचं एक दुकान आहे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. दुकानाला पाटी नाही. दुरुस्ती करणाऱ्या बाईंना सगळे चेनवाल्या मावशी म्हणतात आणि वीस वर्षं तेवढ्यावर भागलं. पण समोरचा बसथांबा दोन गल्ल्या पलीकडे गेला, रस्त्यावरची वर्दळ आटली, आणि मावशींच्या धाकट्या बहिणीच्या मुलीने वेबसाइटचा विषय काढला. वेबसाइट बनवणं हाच तिचा धंदा. साइट मी करून देते, ती म्हणाली, पण आधीची तयारी तुझी तूच करायची.

काय काय लागेल ते तिने कागदावर लिहून दिलं. दुकानाचं नाव. आपण काय करतो ते एका वाक्यात. केलेल्या कामाचे फोटो. गिऱ्हाइकांचे चार शब्द. गंजून बसलेली चेन मावशी बोलता बोलता चालू करून द्यायच्या, पण त्या एका वाक्याने त्यांना तीन दिवस घाम फोडला. 'येथे बॅगा दुरुस्त करून मिळतील' एवढं लिहून झालं, आणि ते वाचून त्यांनाच जांभई आली.

यजमानांना मात्र चेव चढला. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. हाताला काम नव्हतं, ते मिळालं. जेवताना, दाढी करताना ते नावं सुचवत सुटले. 'राजमुकुट बॅग महाल'वर येऊन थांबले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो, दुकान न्हाणीघराएवढं, त्यात महाल कुठे मावायचा?"

फोटोंचं घोडं तर पहिल्याच पावलाला अडलं. बॅग नीट झाली की गिऱ्हाईक ती खांद्याला लावून चालू पडणार. मावशींकडे उरणार चेनचे तुटके रनर आणि दोऱ्याचे तुकडे. भाचीने सुचवलं, जुन्या गिऱ्हाइकांना फोन कर आणि बॅगा घेऊन बोलाव. मावशींनी मोबाइल पुढे केला. त्यात माणसांची नावंच नव्हती. 'निळी तुटकं चाक', 'लाल पट्टा दाढीवाले', 'ट्रंपेट' अशी सगळी यादी. ती बघून भाची हसता हसता खुर्चीवरून घसरली.

तरी मावशींनी फोन लावले. नमस्कार, तुमच्या निळ्या बॅगेचं चाक आता कसं आहे, अशी सुरुवात व्हायची. एक गृहस्थ म्हणाले, की आज सकाळपासून त्यांची चौकशी करणारा हा पहिलाच फोन.

रविवारी सकाळी दहाला यायचं ठरलं. चार-पाच जण आले तरी पुष्कळ, असा मावशींचा हिशोब. सव्वादहाला दातांच्या दवाखान्यापर्यंत रांग गेली होती. यजमान अंगात वारं भरल्यासारखे रांग सरळ करत, पुढे सरका, पुढे सरका म्हणत फिरत होते. भाजीवाल्याने आपलं रिकामं टेबल दिलं, त्यावर पांढरी चादर पसरली, आणि भाची एकेका बॅगेचा फोटो काढायला लागली. जुन्या कमरपट्ट्याची मूठ लावलेली ट्रंपेटची पेटी आली. तीन भावंडांच्या पाठीवरून शाळेत गेलेलं दप्तर आलं. कुत्र्याने चावलेली बॅग तिच्या मालकिणीने त्या कुत्र्यासकट आणली.

प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. समोरासमोर आपल्याच कामाचं कौतुक ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी त्या कुत्र्याच्या बॅगेचा सुटलेला एक टाका घालायला घेतला.

मग एक नर्सबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात तपकिरी पर्स होती, त्यांच्या आईची.

"सगळ्यांनी मला नवी घ्यायला सांगितलं," त्या भाचीला म्हणाल्या. "तुझ्या मावशींनी फक्त विचारलं, यातलं काय तसंच ठेवायचंय? मी म्हटलं, आतला शाईचा डाग. आई तिथे पेन ठेवायची. यांनी बाहेरचं चामडं सगळं बदललं, पण त्या डागाला सुई लागू दिली नाही."

त्यांनी पर्स उघडून दाखवली. डाग होता तिथे होता. मावशींनी मान खाली घातली.

"त्यात काय," त्या पुटपुटल्या. "काय ठेवायचं ते गिऱ्हाइकानं सांगायचं, बाकीचं मी बघते."

भाचीने कॅमेरा खाली ठेवला. "मावशी, हेच परत म्हण," ती म्हणाली आणि कागद-पेन शोधायला लागली.

नावाचा निकाल रांगेनेच लावला. चेनवाल्या मावशी, दुसरं काही लिहिलंत तर आम्ही शोधणार कसं, असं दाढीवाल्यांनी ठणकावून सांगितलं. यजमानांनी महालाचा हट्ट सोडला, मात्र नकाशा आपण काढणार ही अट घातली, आणि नव्या बसथांब्यापासून दुकानापर्यंतचं प्रत्येक वळण दाखवणारा असा सुरेख नकाशा काढला, की भाचीने तो जसाच्या तसा साइटवर लावला.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी साइट सुरू झाली. पहिला निरोप लांबच्या एका गावातून आला. सहा माणसांचा फाटका तंबू आहे, शिवून मिळेल का? मावशींनी जन्मात तंबूला हात लावलेला नव्हता. त्यांनी दुकानाची लांबी पावलांनी मोजली, दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यामागचं अंगण तंबू पसरायला मिळेल का ते विचारून आल्या, आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं: घेऊन या, बघू.