भिंतीवरची लाल खूण

मोटरसायकलला जास्तीचे दोन लाइट बसवायचे, हे खूळ बाबांचंच. बाबा सुतार. गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभे करण्यात त्यांची हयात गेली. संध्याकाळी काम सुटलं की आरेच्या झाडीतून, पवईवरून कांजूरमार्गला घरी. दुसरा रस्ता आहे, रुंद आणि लखलखीत, पण यांना झाडं हवीत. "गावाक गेल्यासारखा वाटता," म्हणतात.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले आणि तक्रार सुरू झाली. "हेडलाइट मंद झालीय गो." घरात पाना-स्क्रूड्रायव्हर हातात धरणारी मी एकटी; गाडीही मला त्यांनीच शिकवली. मी बल्ब बदलला. बॅटरी बदलली. काच घासून लख्ख केली. तरी पालुपद तेच. एकदा आरसा फोडून आले. विचारलं तर म्हणे, म्हैस आडवी आली. आरेत म्हशींना तोटा नाही, त्यामुळे मी तेही ऐकून घेतलं.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये मी बाह्या सरसावल्या. पुढच्या गार्डला दोन लाइट, हँडलजवळ स्विच, बॅटरीपासून वेगळी वायर, मधे फ्यूज आणि रिले. रिले नसेल तर सगळा भार स्विचवर येतो आणि तो जळतो, हे मी ऐटीत समजावलं. बाबा शेजारी स्टुलावर. एरवी माझ्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मी वायर वेडीवाकडी बांधली, तरी एक शब्द नाही. लेकीचं कौतुक म्हणून गप्प असतील, असं वाटून मी आणखी फुगले.

लाइट बसवणं सोपं असतं, त्यांचा रोख लावणं अवघड. उजेड वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली गेला तर पुढचा खड्डा दिसत नाही. म्हणून गाडी भिंतीपासून पंचवीसेक फूट लांब ठेवायची, चालवणाऱ्याने वर बसायचं, कारण वजनाने गाडी दबते, आणि उजेडाचा मध्य कुठे पडतो ते भिंतीवर खुणेने पक्कं करायचं. बाबा सीटवर बसले. त्यांच्या कानामागची लाल पेन्सिल घेऊन मी भिंतीशी बाजूला उभी राहिले. त्यांनी सांगायचं, मी पेन्सिल सरकवायची.

"वर घे. जरा उजवीकडे."

तेवढ्यात पेन्सिल हातातून निसटली आणि घरंगळत खांबाकडे गेली. मी ती शोधायला वाकले.

"हां, बस! आता बरोबर," मागून आवाज आला. "मार खूण."

भिंतीवर माझा हातच नव्हता.

ज्या माणसाला लांबूनच चौकट दोन सूत, म्हणजे पाव इंच, कलल्याचं कळायचं, तो माणूस अंदाजाने बोलत होता. वायरीबद्दल गप्प का होते, म्हैस कुठून आली, सगळं एकदम लक्षात आलं. आणि मला काय आलं, तर राग. माझी ही खोडच आहे, भीती वाटली की मी भांडते.

"बाबा, पेन्सिल खाली पडलीय. कसली खूण मारू?"

त्यांनी लाइट बंद केले. मी जवळ गेले.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"गणपतीपासून," ते टाकीवर हात फिरवत म्हणाले. "समोरून गाडी इली की सगळा पांढरा होता."

"आणि तरी रोज आरेतून येताय? कोणाला उडवलं असतं म्हणजे? स्वतः गेला असतात म्हणजे?"

"सुताराची नजर गेली असं कळलं तर सेटवर करवत कोण देईल माझ्या हातात?" मग अगदी हळू, "दोन लाइट लावले की दिसात, असा वाटला माका."

माझा राग तिथेच विरघळला. दोन महिने मीही हेच करत होते की! बल्ब, बॅटरी, काच. जे दुरुस्त करता येतं तेच बिघडलंय असं मानलं की बरं पडतं. आम्ही बापलेक एकाच माळेचे मणी. मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. त्यांनी ती सोडली, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. गाडी कव्हरखाली, किल्ली माझ्या पर्समध्ये. काळा चष्मा लावून बाबा गॅलरीत बसायचे आणि करवतीचा विषय काढला की रस्त्याकडे बघायचे. डोळे बरे झाले नाहीत तर हा माणूस नुसता बसून राहील, याची मला धास्ती होती.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल खाली. लाइट अर्धवट राहिलेत."

गाडी त्याच जागी, बाबा सीटवर, मी भिंतीशी. हातात तीच लाल पेन्सिल. लाइट लागले.

"ही वायर कोणी बांधली? शी!" आधी ते झालं. मग, "डावीकडे. अजून. आता दोन सूत खाली."

मी दोन सूत खाली घेतली. पेन्सिल बरोब्बर उजेडाच्या मध्यावर होती.

पंचवीस फुटांवरून आवाज आला, "रडतंस कित्याक गो? पेन्सिल हलता."