दारातली चप्पल
डांबरगोळ्यांचा वास आला की लातूरच्या वाचनालयाची ती दगडी आतली खोली आठवते. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, जमीन अधूनमधून हलायचीच, म्हणून ग्रंथपाल काकांनी कपाटावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवली होती. ती कोसळली की सगळ्यांनी अंगणात पळायचं. मी बारावीला होते. शिकवणीच्या सरांनी सांगितलेलं पुस्तक काकांनी माझ्यासाठी नांदेडच्या ग्रंथालयातून एसटीनं मागवलं होतं आणि ते त्याच संध्याकाळी परत जायचं होतं, म्हणून दारातल्या रजिस्टरात नाव न लिहिताच मी आत घुसले. टिपणं काढत होते तोच पेले खणाखणा पडले. बाहेरच्या खोलीत बाकं सरकली, पोरं धावली, माझे पाय मात्र जागचे हलेनात. छतातून डोक्यावर माती गळायला लागली. अंगणात काका रजिस्टरातली नावं वाचत होते आणि एकेक जण "हाय काका" म्हणत होता. माझं नाव आलंच नाही. "समदे आले बघा. आता आत कुणी जाऊ नगा," काका म्हणाले. मी ओरडायला गेले तर आवाज फुटेना. पोरं आपापल्या चपला शोधून घालत असावीत, कारण थोड्या वेळानं काका एकदम किंचाळले, "अरे, ही चप्पल कुणाची राहिली?" त्यांनीच मला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. आता कुठल्याही वाचनालयात मी आधी नाव लिहिते. तरीही चप्पल काढते ती दाराच्या अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी.