काकांच्या बावखलावरचं पिक्चर

दादा मस्कतहून व्हीसीआर घेऊन आला, तेव्हा गास गावात आमच्या आळीत तो पहिलाच. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. रविवारी चर्चमधली मिस्सा आणि जेवणं आटोपली की आळीतली माणसं आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, बाकीचे चटईवर. कॅसेट आणायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि येताजाता नालासोपारा स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत डोकावायचे.

एका शनिवारी लायब्ररीवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कॅसेट पुढे केली.

"हे थिएटरला लागणार नाही," तो म्हणाला. "थेट कॅसेटवरच काढलंय. मारामारीचं आहे. अर्धं शूटिंग तुमच्याच गावचं."

सोबत त्याने एक वहीही दिली. "काढणाऱ्यांना दुसरा भाग करायचाय. लोकांना कसं वाटलं ते लिहून आणा. कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहा. तुम्ही मराठी शिकता, तुम्हाला जमेल."

मला फार बरं वाटलं. मी काही लिहावं असं तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

शूटिंग कुठलं ते मला माहीत होतं. आधीच्या थंडीत एक जीप आणि एक टेम्पो थोरल्या काकांच्या वाडीत दोन दिवस येऊन राहिले होते. वाडीच्या मधोमध काकांचं बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावरच त्यांची सगळी केळी आणि पानवेली जगायच्या. घरगुती गोष्ट आहे, तळ्याकाठी दोनचार प्रसंग घ्यायचेत, असं त्या लोकांनी सांगितलं होतं. सगळी व्यवस्था बघणारा माणूस सफारी घालायचा आणि फार हळू बोलायचा. त्याने काकांकडे शेतकऱ्याचे जुने कपडे मागितले. काकांनी आपली ठिगळ लावलेली बंडी आणि पंचा काढून दिला. चहा पिता पिता त्या माणसाने विचारलं, "वाडी किती गुंठे? मुलं काय करतात?" काकांनी सांगून टाकलं. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मुलगा नाही.

रविवारी दुपारी कॅसेट लावली. काका आणि काकू पुढेच बसले होते. आपली वाडी टीव्हीवर दिसणार म्हणून काकूंनी ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं.

चित्र लग्नाच्या कॅसेटसारखं फिकट होतं. आवाज मागून भरलेला, त्यामुळे ओठ आधी हलायचे आणि शब्द नंतर यायचे. सुरुवातीलाच काकांचं बावखल दिसलं. सगळे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग काठावर एक म्हातारा वाकून पाणी भरताना दिसला. त्याच्या अंगावर काकांची बंडी होती. पाठमोरा असल्यामुळे तो काकाच वाटत होता.

जीपमधून चार माणसं उतरली. त्यांनी म्हाताऱ्यापुढे कागद धरला. तो मान हलवून नाही म्हणाला. त्यांनी त्याचं डोकं पाण्यात दाबलं. हे फार वेळ चाललं. संगीत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता. शेवटी बंडी फुगून पाण्यावर आली आणि मग पिक्चरचं नाव आलं.

काकू उठून स्वयंपाकघरात आईकडे गेल्या. काका मात्र बसून राहिले. पुढे सव्वा तास म्हाताऱ्याचा मुलगा कराटे करत एकेकाला मारत होता. कळंबच्या वाळूत पळापळी, मिठागराच्या बांधावर मारामारी, शेवटी जूचंद्रच्या बाजूच्या खडीच्या खाणीत मोठा स्फोट. लोक हळूहळू पुन्हा हसायबोलायला लागले.

संपल्यावर मी वही काढली आणि एकेकाला विचारलं.

दादा म्हणाला, "फायटिंग खोटी आहे. लाथ लागायच्या आधीच माणूस पडतो." शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले की गोष्टीला बूड नाही, पोलीस शेवटपर्यंत कुठे दिसतच नाहीत. आमच्याकडे भाताच्या कामाला जूचंद्रहून येणारी एक बाई दारात बसून बघत होती. ती म्हणाली, "पान्यातला तेवढा खरा वाटला. बाकी सगला खोटा."

काकांना मी शेवटी विचारलं. ते टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत होते.

"पोरगा मारामारी करतो ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण म्हातारा गेला तो गेलाच ना. आणि मला तर पोरगाही नाही."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. सगळ्या मतांमध्ये मला तेच आवडलं.

पुढच्या आठवड्यात काका बावखलावर एकटे जाईनासे झाले. पहाटे पाणी काढायला जायचे ते आता उजाडल्यावर काकूंना बरोबर घेऊन जायला लागले. काठावर वाकताना आधी मागे वळून बघायचे. काकूंनी हे आईला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. चित्राचा माणसावर केवढा परिणाम होतो याचं हे चांगलं उदाहरण आहे, असं मला वाटलं. वहीत अर्धं पान शिल्लक होतं. तिथे मी तेही लिहिलं, काकांच्या नावानिशी आणि वेळेनिशी. शनिवारी वही लायब्ररीत देऊन आले. लायब्ररीवाल्याने चाळून बघितली आणि म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं."

दोन आठवड्यांनी काकूंनी मला हाक मारली. "काकांकडे पाहुणा आलाय, जरा चहा नेऊन दे." चार वाजले असतील. मी कपबश्या घेऊन त्यांच्या ओटीवर गेले. तो सफारीवाला खुर्चीत बसला होता. बाहेर जीप उभी होती आणि तिच्यात आणखी दोघं होते. ते उतरले नाहीत.

"पिक्चर बघितलंत म्हणे," तो काकांना म्हणाला. "कसं वाटलं?"

काका म्हणाले, "बरं होतं."

"आता या वयात वाडी झेपत नसेल तुम्हाला. सकाळी पाण्यावर जायलाही सोबत लागते म्हणे."

त्याने चहाचा घोट घेतला. मग एक लांबडा कागद काढून टेबलावर ठेवला आणि त्याची घडी हाताने सरळ केली.

"म्हातारा गेला तो गेलाच," तो अगदी हळू म्हणाला. "बरोबर बोललात तुम्ही. आमच्या मंडळींना फार आवडलं ते."

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी कुठे होते, काय करत होते, ते नुसतं आठवत असल्यासारखं. मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"विचार करतो," काका म्हणाले.

"करा ना. घाई कुठे आहे," तो म्हणाला आणि कागद तिथेच ठेवून निघून गेला.

तो गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. वही कुणी दिली, काय लिहिलं, शेवटच्या अर्ध्या पानावर काय होतं. काकू कपाळाला हात लावून खाली बसल्या. काकांनी एवढंच विचारलं, "आणखी कुणाचं काय लिहिलंस?" मी सांगितलं. त्यांनी एकेकाच्या घरी जाऊन सांगायला लावलं. मी गेले. मास्तरांच्या दारात उभी राहून सांगताना मला रडू आलं. मास्तर म्हणाले, "आता रडू नकोस. चल, आपण फादरांकडे जाऊ."

फादरांनी रविवारी मिस्सानंतर पुरुषांना थांबवून घेतलं. पुढचे काही महिने आळीतलं कुणी ना कुणी काकांबरोबर वाडीत असायचं. दादा तर परत मस्कतला जाईपर्यंत रोज जायचा. लायब्ररीवाल्याकडे मी वही मागायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "कुठली वही?" डोळे मात्र त्याने काउंटरवरून वर उचलले नाहीत. तोही घाबरलेला आहे हे मला तेव्हा कळलं.

ती कॅसेट मुद्दाम धमकी म्हणूनच काढली होती, की पिक्चर पडल्यावर त्या लोकांना हा दुसरा उपयोग सुचला, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. जीप मात्र येत राहिली. ते लोक काही करत नसत. वाडीच्या कुंपणाबाहेर जीप थांबायची, इंजिन चालू असायचं, आणि थोड्या वेळाने निघून जायची. काकांना कुणी बोटही लावलं नाही. ते फक्त बारीक होत गेले. रात्री उठून कड्या बघायचे, असं काकू सांगायच्या. मुलींना माहेरी येऊ नका म्हणून त्यांनी स्वतः कळवलं.

दीड वर्षाने त्यांनी वाडी विकल्याच्या कागदावर सही केली. मी त्यांच्या शेजारी उभी होते, कारण त्यांनीच मला बोलावलं होतं. "काका, माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"तू नसतं लिहिलंस तरी ते आलेच असते," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण तू लिहिलंस." त्यात दोष दिल्याचा सूर नव्हता, आणि माफ केल्याचाही नव्हता. नंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. बाकी सगळं पूर्वीसारखंच बोलायचे.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी काकूंनी विळ्याने सगळे केळीचे घड उतरवले, कच्चे, बोटाएवढे होते तेही. आळीत घरोघरी दोन-दोन घड पोचवले. आमच्याकडचे आईने भाताच्या पेंढ्यात ठेवले, पण ते पिकलेच नाहीत, नुसते काळे पडले. आठवड्याने डंपर आले आणि बावखलात मातीचा भराव टाकायला लागले. काका ते बघायला गेले नाहीत. मी गेले होते.