कुरडयांची ऑर्डर

हळू बोलणं ही कोल्हापूरच्या माणसाला शिक्षाच. मी ती रोज भोगत होते. दोन हजार सालाच्या आसपास शाहूपुरीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर आमच्या संस्थेची एक खोली होती. घरात मार खाणाऱ्या, नवऱ्याच्या जबरदस्तीनं खचलेल्या बायकांशी मी तिथून फोनवर बोलायची. खाली ग्राइंडर सुरू झाला की रिसीव्हर घेऊन सरळ टेबलाखाली शिरायची.

शिरोळकडची एक सून दुपारी बोलायची. घरात फोन, दारात ट्रॅक्टर, पण तिला एकटीला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. कुणी जवळ आलं की ती नुसतं "व्हय" आणि "न्हाय" म्हणायची, म्हणून मी प्रश्नही तसेच विचारायची. तेवढ्या दोन शब्दांवर तिची झोप परत आली, भीती थोडी कमी झाली. एकदा विचारलं, "आज स्वतःसाठी चहा केलास?"

"व्हय," ती म्हणाली आणि चक्क हसली. त्या हसण्यावर मी दिवसभर खूश होते.

पण नवऱ्याचा हात सुटतच चालला होता. तिला तिथून बाहेर काढायलाच हवं होतं, आणि ते फोनवरून होण्यासारखं नव्हतं.

परका आवाज आला तर मी कुरडयांची ऑर्डर द्यायची, असं आमचं ठरलेलं. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी फोन सासूनं उचलला.

"कुरडया पाहिजे होत्या," मी म्हणाले.

"किती?"

एवढा पुढचा विचार कोण करतो? "पाच किलो," मी ठोकून दिलं.

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. ऑफिसातल्या बायका विचारायला लागल्या, लग्न कुणाचं आहे म्हणून. मी हसले खरी, पण त्यानंतर सून फोनवर येईना, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग एके दिवशी जिन्यावर पावलं वाजली. पुढं डोक्यावर डबा घेतलेली म्हातारी, मागं पिशवी घेतलेली तरुण बाई. "मीच ती," तरुण बाई म्हणाली. आवाजावरून मी तिला किरकोळ समजत होते. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली.

"कुरडया घ्या," सासू म्हणाली. "आणि हिलाबी ठिवून घ्या. पिशवीत हिची कापडं हायती. पोराला सांगितलंय, ऑर्डर पोचवाय चाललोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऑर्डर सांगितली तर ही रडाय लागली, मग पत्त्यासकट सगळं काढून घेतलं. कुरडयाचं बोलताना कोण रडतंय व्हय?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी चहा मागवला.

"आता मुलगा तुम्हाला काय करेल?" मी विचारलं.

"आईवर हात उचलाय त्याला आणखी एक जल्म घ्यावा लागंल." चहा पिऊन ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "संपल्या की फोन करा. दुपारचाच. मी उचलीन."

कुरडया आम्ही सगळ्यांनी मनसोक्त तळून खाल्ल्या. सून तोवर आमच्या निवाऱ्यात रुळली होती, नळावर भांडण्याइतकी. डबा रिकामा झाला त्या दुपारी मी फोन लावला.

"संपल्या काय?"

"संपल्या."

"मग आता माझं ऐका," ती म्हणाली, आणि तिकडं दार लावल्याचा आवाज आला. खाली ग्राइंडर सुरू झाला. मी टेबलाखाली शिरले आणि विचारलं, "तुमच्यावरही नवऱ्याचा हात उठायचा?"

"व्हय," ती म्हणाली.